निर्माता की उत्पादक?

छत्रपती संभाजीनगरच्या सिडकोतील, गारखेड्यातील किंवा समर्थनगरातील कोणतेही एक मध्यमवर्गीय घर डोळ्यांसमोर आणावे. रात्रीची जेवणे आटोपली आहेत. दूरचित्रवाणी संचावर विनोदी कार्यक्रम सुरू आहे. पडद्यावर एक नट मळके धोतर नेसून येतो, तोंड वेडेवाकडे करतो आणि 'कामून' एवढा एकच शब्द उच्चारतो. समोर बसलेले परीक्षक खुर्चीवरून खाली घसरेपर्यंत हसतात. त्याच वेळी स्वयंपाकघरातून आजीचा आवाज येतो, "कामून एवढं हसायलाव रे?" आणि घरातली नातवंडे पुन्हा हसू लागतात. या वेळी ती नटाला हसत नसतात. ती आजीला हसत असतात.

प्रसंग क्षुल्लक वाटेल. त्यात कोणाचा अपमान करण्याचा हेतू नाही, नातवंडे वाईट नाहीत आणि आजीही रागावत नाही. परंतु दुसऱ्या दिवसापासून ती पाहुण्यांसमोर जरा कमी बोलू लागते. ज्या बोलीत तिने लेकरे वाढवली, ओव्या म्हटल्या, दुष्काळात धीर दिला आणि रझाकारांच्या दिवसांच्या आठवणी सांगितल्या, ती बोली तिच्याच घरात हशाचा विषय झाली आहे. हे कोणी केले? कार्यक्रमाच्या शेवटी नामावली वेगाने सरकत जाते. तीत नटांची नावे असतात, प्रायोजकांची असतात, केशभूषाकारांची असतात. 'निर्माता' या शब्दापुढेही काहीतरी लिहिलेले असते. बहुतेक घरांत तोवर संच बंद झालेला असतो. ज्याच्यापाशी उत्तर मागायचे, त्याचे नाव कोणी वाचलेलेच नसते.

एका शब्दाची महती

इंग्रजीत कारखान्यात साबण तयार करणारा आणि रंगमंचावर नाटक उभे करणारा, या दोघांनाही 'प्रोड्यूसर' हा एकच शब्द आहे. मराठीने मात्र येथे विवेक दाखविला. साबण करणारा तो उत्पादक आणि नाटक करणारा तो निर्माता. उत्पादक मागणी पाहतो, पुरवठा करतो आणि माल खपला की मोकळा होतो. निर्मात्याला मात्र आपण जे निर्माण केले त्याची जबाबदारी टाळता येत नाही. आज मराठी दूरचित्रवाणीवरील विनोदाची जी अवस्था आहे तिचे निदान एका वाक्यात करायचे तर असे म्हणावे लागेल की, तेथे उत्पादक पुष्कळ झाले आणि निर्माता नाहीसा झाला.

विनोदाविषयी हिंदू समाज नाक मुरडतो, त्याला हसण्याचे वावडे आहे, असा आरोप काही विद्वान मंडळी अधूनमधून करीत असतात. त्यांनी मराठवाड्याचा इतिहास तेवढा डोळ्यांखालून घालावा. तेराव्या शतकात चक्रधरस्वामी पैठण परिसरात लोकांना समजावीत होते ते मिश्किल दृष्टान्तांच्या आधारे. हत्ती चाचपणाऱ्या आंधळ्यांची गोष्ट त्यांच्या तोंडून मराठीत आली ती हसवत हसवत. सोळाव्या शतकात त्याच पैठणला संत एकनाथांनी भारुडे रचली. विंचू चावलेला माणूस, जोगवा मागणारी बाई, दारोदार फिरणारा भटका, अशा समाजाच्या तळातल्या पात्रांच्या तोंडी नाथांनी अध्यात्म घातले. लोक हसले आणि हसता हसता अंतर्मुख झाले. नाथांनी त्या पात्रांची बोली उचलली, ती तिची टिंगल करण्यासाठी नव्हे, तर त्या बोलीतही परमार्थ सांगता येतो हे पंडितांना दाखविण्यासाठी. जालना जिल्ह्यातील जांब येथे जन्मलेल्या समर्थ रामदासांनी विनोदाला टवाळांची आवड म्हटले, हे खरे. परंतु त्यांचा कटाक्ष टवाळीवर होता. मूर्खांची लक्षणे एकामागून एक मांडताना स्वतः समर्थांचा उपहास किती धारदार होतो, हे दासबोधाच्या वाचकांना सांगावयास नको.

तेव्हा प्रश्न हसावे की हसू नये, हा नाहीच. कोणी, कोणाला, कोणाच्या खर्चाने हसवावे, हा आहे.

खुर्चीवर माणूस होता तेव्हा

भारतात दूरचित्रवाणीचा आरंभ दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी झाला. त्या आरंभकाळातील निर्मात्याच्या खुर्चीवर एक मराठी माणूस होता, ही गोष्ट नव्या पिढीला ठाऊकही नसते. आकाशवाणीत नाट्यविभाग सांभाळलेले, इंग्लंडात बीबीसीमध्ये जाऊन या माध्यमाचे शिक्षण घेऊन आलेले पु. ल. देशपांडे यांनी त्या बाल्यावस्थेतील दूरचित्रवाणीवर पंतप्रधान नेहरूंची मुलाखत घेतली होती. मराठीतील सर्वांत लोकप्रिय विनोदकार हा या देशातील पहिल्या दूरचित्रवाणी निर्मात्यांपैकी एक असावा, हा योगायोग अर्थपूर्ण आहे. पुढे ती सरकारी नोकरी सोडून ते रंगमंचावर परतले आणि १९६० च्या दशकाच्या आरंभी 'बटाट्याची चाळ'चे एकपात्री प्रयोग सुरू झाले. माणूस एक, पात्रे अनेक. लेखक तोच, नट तोच, निर्माता तोच. टाळी पडली तरी त्याची आणि प्रयोग फसला तरी त्याचाच.

त्यांच्या राजकीय मतांशी प्रत्येक वाचक सहमत असेलच असे नाही. पण आणीबाणीत अनेक लेखण्या म्यान झाल्या असताना पु. ल. बोलले, १९७७ च्या निवडणुकीत जनता पक्षाच्या प्रचारासाठी गावोगाव फिरले आणि सत्ता आल्यावर काही मागण्यास गेले नाहीत. विनोद करणाऱ्याला कणा असावा लागतो, हे त्यांनी आचरणाने सिद्ध केले.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. सामग्री तोकडी होती, चित्र कृष्णधवल होते, पैसा जेमतेम होता. परंतु तेथे निर्माता हे पद होते आणि त्या पदावर नाव-गाव असलेली माणसे होती. विनायक चासकरांचा 'गजरा' आठवडाभर वाट पाहून घराघरांत पाहिला जाई. याकूब सईद यांनी बबन प्रभू यांच्या साथीने 'हास परिहास' रंगविला. विजया धुमाळे यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात चिं. वि. जोशी यांच्या चिमणराव-गुंड्याभाऊंना पडद्यावर आणले आणि दिलीप प्रभावळकर व बाळ कर्वे ही नावे मराठी कुटुंबांना घरच्यासारखी झाली. चिं. वि. जोशी हे पाली भाषेचे गाढे अभ्यासक. एवढ्या विद्वान माणसाने मध्यमवर्गीय गृहस्थाच्या फजितीवर लिहावे आणि त्या लेखनाचा आब राखून एका निर्मातीने त्याची मालिका करावी, ही त्या काळाची रीत होती. चिमणरावाला लोक हसले ते त्याच्यात स्वतःला पाहून. हसणारा आणि ज्याला हसायचे तो, हे दोघे एकाच आळीत राहत होते.

त्या काळाचे उगाच गोडवे गाण्याचेही कारण नाही. दूरदर्शन सरकारच्या मुठीत होते. आणीबाणीत किशोरकुमारांची गाणी आकाशवाणी-दूरदर्शनवरून बंद करण्यापर्यंत सत्तेची मजल गेली होती. अशा ठिकाणी राज्यकर्त्यांवर विनोद करणे किती अवघड असेल, याची कल्पना करता येते. निर्मात्यावर वरून दडपण होते, यात शंका नाही. पण दडपण आणणारा कोण हे तरी उघड होते. आजचे दडपण अदृश्य आहे.

अंकांचे राज्य

१९९२ साली खासगी उपग्रह वाहिन्यांचे युग सुरू झाले. १९९९ साली अल्फा मराठी आली, तीच पुढे झी मराठी झाली. आरंभी या बदलाने भलेच केले. अल्फा मराठीवर २००१ पासून चाललेली, दिलीप प्रभावळकरांच्या 'अनुदिनी'वर आधारलेली आणि केदार शिंदे यांनी दिग्दर्शित केलेली 'श्रीयुत गंगाधर टिपरे' ही मालिका त्याची साक्ष आहे. तीन पिढ्या एका छपराखाली, आजोबांची रोजनिशी आणि रोजच्या जगण्यातला निर्विष विनोद. ती मालिका आजोबांना हसायला शिकवीत नव्हती. आजोबांबरोबर हसायला शिकवीत होती. म्हणजे खासगी वाहिनीवर चांगला विनोद होऊच शकत नाही, हे म्हणणे खरे नव्हे.

मग बिघडले कोठे? उत्तर प्रेक्षकसंख्या मोजण्याच्या पद्धतीत दडले आहे. काही निवडक घरांत यंत्रे बसवायची, त्या घरांनी काय पाहिले याची नोंद घ्यायची, त्यावरून आठवड्याचा अंक काढायचा आणि त्या अंकावर जाहिरातीचा दर ठरवायचा, अशी ही व्यवस्था. वाचकांनी येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. २०१५ साली 'बार्क' ही नवी यंत्रणा येईपर्यंत या मोजणीत खेड्यातील घरे धरलीच जात नव्हती. यंत्रे होती ती नगरांत-महानगरांत. बार्कनेही ग्रामीण भाग मोजण्यास सुरुवात केली ती त्याच वर्षाच्या उत्तरार्धात.

याचा अर्थ काय होतो? खासगी वाहिन्यांवरील मराठी विनोदाचा साचा ज्या वर्षांत घडला, त्या वर्षांत जाहिरातदाराच्या हिशेबी खेड्यातील माणूस प्रेक्षकच नव्हता. परभणीच्या शेतकऱ्याला विनोद आवडला काय किंवा बोचला काय, अंकात फरक पडणार नव्हता. जो मोजलाच जात नाही, त्याची भीड कोण धरणार? खेडूत पडद्यावर आला तो शहरी प्रेक्षकाच्या करमणुकीचे साधन म्हणून. मराठवाडी, वऱ्हाडी, मालवणी या बोली आल्या त्या पोशाखासारख्या, अंगावर चढवायच्या आणि हशा मिळाला की उतरवून ठेवायच्या. कोणा एका माणसाने बोलींचा द्वेष म्हणून हे केले नाही. हिशेबानेच ते घडवून आणले. आणि साचा एकदा पक्का झाल्यावर पुढे खेडी मोजली जाऊ लागली, तरी तो मोडण्याची तसदी कोणी घेतली नाही.

याच व्यवस्थेतून वर आलेल्या एका कर्तबगार कलावंताची कारकीर्द पाहण्यासारखी आहे. सासवडचे डॉ. नीलेश साबळे वैद्यकीय शिक्षण घेऊन 'महाराष्ट्राचा सुपरस्टार' या स्पर्धेतून पुढे आले. ऑगस्ट २०१४ मध्ये झी मराठीवर 'चला हवा येऊ द्या' सुरू झाला. लेखन, दिग्दर्शन आणि सूत्रसंचालन अशा तिन्ही धुरा त्यांनी वाहिल्या आणि सुमारे दहा वर्षे वाहिल्या. आठवड्यामागून आठवडे नवे लिहीत राहणे हे येरागबाळ्याचे काम नव्हे. भाऊ कदम, कुशल बद्रिके, श्रेया बुगडे, सागर कारंडे, अमरावतीचे भारत गणेशपुरे या साध्या घरांतून आलेल्या कलावंतांना त्या कार्यक्रमाने घराघरांत पोहोचविले. सागर कारंडे यांचा पत्र वाचणारा पोस्टमन येई तेव्हा हसणारी घरे डोळे पुसत. हे श्रेय नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल.

परंतु याच कार्यक्रमात पुरुषांना साड्या नेसवून हशा मिळविण्याची युक्ती इतक्यांदा वापरली गेली की ती सवय झाली. चित्रपटांच्या जाहिरातीसाठी येणाऱ्या पाहुण्यांची आरती हाच अनेक भागांचा विषय झाला. आणि २०२० साली एका प्रहसनात राजर्षी शाहू महाराज व सयाजीराव गायकवाड यांच्या छायाचित्रात फेरफार करून तेथे नटांचे चेहरे बसविण्यात आले. कोल्हापूरच्या छत्रपती संभाजीराजे यांनी त्यावर तीव्र आक्षेप घेतला, महाराष्ट्रभर संताप उसळला आणि साबळे यांनी जाहीर क्षमा मागितली. क्षमा मागितली, हे सज्जनपणाचे झाले. पण जे छायाचित्र लाखो घरांत जाणार आहे, ते कोणाचे आहे हे प्रसारणापूर्वी पाहणारा एकही माणूस त्या सबंध व्यवस्थेत असू नये? ज्या दोन राजांनी बहुजनांच्या शिक्षणासाठी खजिने रिते केले, त्यांचे चेहरेही ओळखू येऊ नयेत? हेतू वाईट नव्हता, असे मानले तर चिंता अधिक वाढते. कारण तेथे हेतूच नव्हता. भाग भरायचा होता, इतकेच.

पुढे काय झाले, तेही बोलके आहे. मार्च २०२४ मध्ये कार्यक्रम थांबला. २०२५ च्या जुलैमध्ये तो त्याच नावाने पुन्हा सुरू झाला, तेव्हा सूत्रसंचालनाची धुरा अभिजीत खांडकेकर यांच्याकडे होती. ज्याने दहा वर्षे रक्त आटवून ते नाव मोठे केले, तो बाजूला आणि नाव मात्र कायम! पाटी वाहिनीची, दुकान वाहिनीचे, माणूस बदलता येण्याजोगा. 'चाळी'तून पु. लं.ना वजा करता आले असते काय? निर्माता आणि उत्पादक यांतला भेद याहून स्पष्ट कसा दाखवावा?

वऱ्हाड आपल्या गावचे होते

या शहराने मात्र या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वी देऊन ठेवले आहे. ते उत्तर म्हणजे प्रा. डॉ. लक्ष्मण देशपांडे. १९४३ साली जन्मलेला हा माणूस मराठवाडा विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागात शिकवीत असे, पुढे विभागप्रमुखही झाला. निजामी राजवटीतून १७ सप्टेंबर १९४८ रोजी मुक्त झालेला मराठवाडा. विद्यापीठ मिळाले ते १९५८ साली. मराठी बोलण्यावर, लिहिण्यावर पिढ्यान्‌पिढ्या दडपण असलेल्या या भूमीत नाट्यशास्त्राचा विभाग उभा राहणे हीच एक सांस्कृतिक घटना होती. त्या विभागातील या प्राध्यापकाने मराठवाड्याच्या बोलीत एक एकपात्री प्रयोग लिहिला, दिग्दर्शित केला आणि स्वतः सादर केला. 'वऱ्हाड निघालंय लंडनला' हे त्याचे नाव.

मराठवाड्यातल्या एका खेड्यातील वऱ्हाड विमानाने लंडनला निघते, एवढेच त्याचे कथासूत्र. पण ५२ व्यक्तिरेखा एका माणसाच्या देहातून आणि गळ्यातून उभ्या राहत. म्हातारा, तरणा, सासुरवाशीण, रुसलेला पाहुणा, हवाई सुंदरी, साहेब, एकामागून एक येत आणि प्रत्येकाचा आवाज वेगळा, उभे राहण्याची ढब वेगळी. नेपथ्याचा डामडौल नाही की वेशांची पेटी नाही. दोन हजारांहून अधिक प्रयोग झाले, परदेशांतील मराठी माणसांनी ते डोक्यावर घेतले आणि गिनीज बुकात त्याची नोंद झाली.

आता आजच्या कार्यक्रमांतील खेडूत आणि देशपांडेंचा खेडूत शेजारी-शेजारी उभे करून पाहावेत. बोली तीच. 'माय' तीच, 'कामून' तेच, खिशातली दस्ती तीच. परंतु देशपांडेंच्या वऱ्हाडाला हसताना मराठवाड्यातल्या प्रेक्षकाची मान खाली जात नसे. त्याची कारणे स्पष्ट आहेत. पहिले कारण, त्या पात्रांना नाव होते, नाते होते, गाव होते. ती नुसती 'गावंढळ' नव्हती. दुसरे कारण, ती माणसे लंडनला बुजत नव्हती. आपल्या रीतीभाती, आपले रुसवेफुगवे, आपला मानपान घेऊन ती साहेबाच्या दारात उभी राहत होती. हसू येई ते दोन जगांच्या गाठीचे, एका जगाच्या हीनपणाचे नव्हे. तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे कारण, सादर करणारा स्वतः त्या मातीतला होता आणि प्रयोग संपल्यावर त्याला त्याच लोकांत परत जायचे होते. सभागृहाच्या दारात एखादा म्हातारा त्याला अडवून जाब विचारू शकत होता. दूरचित्रवाणीच्या पडद्याला असे दार नाही.

२२ फेब्रुवारी २००९ रोजी लक्ष्मण देशपांडे गेले. मराठवाड्याचेच अभिनेते संदीप पाठक यांनी 'वऱ्हाड' पुन्हा रंगमंचावर आणले, हे समाधानाचे. पण या शहराची देणगी तेवढ्यावर थांबत नाही. चंद्रकांत कुलकर्णी, प्रशांत दळवी आणि त्यांची 'जिगीषा' येथलीच. मकरंद अनासपुरे येथल्याच रंगभूमीवरून गेले आणि मराठवाडी बोली घेऊन नायक होता येते, हे त्यांनी चित्रपटसृष्टीला पटवून दिले. पुढे दुष्काळाने पोळलेल्या शेतकरी कुटुंबांसाठी नाना पाटेकरांसह २०१५ साली 'नाम' ही संस्था त्यांनी उभी केली. ज्या शेतकऱ्याची बोली बोलून नाव मिळविले, त्या शेतकऱ्याचे देणे फेडण्याची ही जाणीव मोलाची आहे. वाहिन्यांनी मात्र त्या यशातून धडा घेतला तो उलटा. त्यांना बोली दिसली, माणूस दिसला नाही.

आक्षेपकांना उत्तर

यावर ठरावीक उत्तरे येतात. पहिले, "लोकांना हेच आवडते." लोकांना 'गजरा' आवडत होता, 'टिपरे' आवडत होते, 'वऱ्हाड'ला तर तिकीट काढून गर्दी होत होती. लोकांनी चांगले नाकारले, असा दाखला नाही. चांगले देणे कष्टाचे असते, एवढाच दाखला आहे.

दुसरे, "विनोदावर बंधने घातली तर विनोद मरेल." बंधन घाला, असे येथे कोणी म्हणतच नाही. आणीबाणी अनुभवलेल्या समाजाला सरकारी कात्रीची हौस नाही. मागणी आहे ती उत्तरदायित्वाची. अमेरिकेतील नॉर्मन लिअर यांचे उदाहरण घ्यावे. १९७१ साली त्यांनी एका ब्रिटिश मालिकेवरून 'ऑल इन द फॅमिली' ही विनोदी मालिका आणली. वंशद्वेष, युद्ध, बापलेकांतील मतभेद असे जळते विषय तिने घरगुती विनोदात आणले. वाहिनीला धास्ती वाटत होती, म्हणून आरंभी पडद्यावर खुलासा दाखवावा लागला. लिअर हे कट्टर उदारमतवादी, धर्मनिष्ठ परंपरावाद्यांचे उघड विरोधक. त्यांची मते या साप्ताहिकाच्या वाचकांना पटण्याचा संभव कमीच. पण या मालिकेमागे कोण आहे, त्याला काय म्हणायचे आहे आणि टीका कोणावर करायची, हे अमेरिकेतील प्रत्येक प्रेक्षकाला ठाऊक होते. २०२३ च्या डिसेंबरमध्ये वयाच्या १०१ व्या वर्षी ते निवर्तले तेव्हा विरोधकांनाही ते नाव परिचित होते. विरोधक असावा तर असा, समोर उभा राहणारा. मराठी वाहिन्यांवरील विनोदाचा असा एक निर्माता आज किती प्रेक्षकांना नावाने सांगता येईल?

तिसरे उत्तर असे की, "या कार्यक्रमांनी ग्रामीण कलावंतांना काम दिले." दिले, आणि ते कलावंत गुणी आहेत. म्हणूनच दुःख अधिक. ज्याच्या अंगी ५२ व्यक्तिरेखा उभ्या करण्याचे सामर्थ्य असू शकेल, त्याला दर आठवड्याला एकच व्यक्तिरेखा करावयास लावणे, हे काम देणे आहे की काम हिरावणे आहे?

घरापासून आरंभ

नुसता संताप व्यक्त करून थांबणे ही संघटित समाजाची रीत नव्हे. वाहिन्यांना निषेधाची पत्रे जरूर लिहावीत. पण पत्रांत सभ्यता असावी, कार्यक्रमाचे नाव, दिनांक आणि आक्षेपाचा नेमका मुद्दा असावा. 'संस्कृती बुडाली' अशा मोघम हाकाटीचा उपयोग होत नाही, तोडफोडीने तर आपलीच बाजू दुबळी होते. जाहिरातदारांनाही लिहावे, कारण या व्यवस्थेला कान आहेत ते तेथे.

दूरदर्शनच्या जुन्या ठेव्याचाही प्रश्न आहे. चुंबकफीत महाग असल्याने जुने कार्यक्रम पुसून त्याच फितीवर नवे चित्रित करण्याची पद्धत एके काळी जगभर होती. बीबीसीनेदेखील आपल्या गाजलेल्या विनोदी मालिकांचे भाग असे गमावले आहेत. मुंबई केंद्राच्या विनोदी कार्यक्रमांपैकी जे उरले असेल ते सर्वांना पाहता येईल अशा रूपात आणावे, ही मागणी मराठवाड्याच्या लोकप्रतिनिधींनी करावयास हवी. विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागाने लक्ष्मण देशपांडे यांच्या सादरीकरणाचा पद्धतशीर अभ्यास अभ्यासक्रमात आणावा. शहरातील गणेश मंडळांनी दहा दिवसांतील एक संध्याकाळ भारुडाला आणि बोलीतील एकपात्री प्रयोगाला द्यावी. ध्वनिवर्धकाच्या भिंतींवर होणाऱ्या खर्चाच्या अंशात हे होऊ शकते. संत एकनाथांचे नाव रंगमंदिराला देऊन भागत नाही, नाथांची कला त्या रंगमंदिरात दिसावी लागते.

आणि सर्वांत सोपे काम घरातले आहे. आठवड्यातून एक रात्र संच बंद ठेवावा. आजीला मध्ये बसवावे आणि तिच्या माहेरच्या लग्नातला रुसवा, आजोबांची फजिती, जात्यावरच्या गमती तिच्याच बोलीत तिला सांगू द्याव्यात. नातवंडे हसतील, आणि या वेळी आजीही त्यांच्याबरोबर हसेल. विनोदाचे उत्पादन करणाऱ्या यंत्राला उत्तर द्यावयाचे तर विनोदाचा निर्माता प्रथम ज्याच्या त्याच्या घरात निर्माण व्हावा लागेल. चिमणराव घरातूनच आला होता. लंडनला निघालेले ते वऱ्हाडही अशाच एखाद्या ओसरीवरून निघाले होते.